एका दिवसात दुर्मीळ फुलपाखरू बघायचं असेल तर आधी त्याची वनस्पती ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका राखीव क्षेत्रात अमुक एक दुर्मीळ फुलपाखरू आहे हे पक्कं ठाऊक आहे. जाऊन-येऊन एकच दिवस मिळतो. दोनदा जाऊन आलात. दोन्ही वेळा अकराच्या सुमाराला पोचलात, सगळी पायवाट फिरलात, इतर वीस-पंचवीस जाती दिसल्या, तीन वाजता परत निघालात आणि ज्याच्यासाठी गेला होतात ते काही दिसलं नाही. आता तिसऱ्या खेपेला वेगळं काय करायचं?

गेली तेवीस वर्षं मी फुलपाखरांची मोजणी करतो आहे आणि लोकांना फुलपाखरं दाखवायलाही नेतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे दर हंगामात भेटतात. बहुतेकांची चूक एकच असते आणि तुमच्या वर्णनातही ती स्पष्ट दिसते: तुम्ही दिवसभर चाललात. फुलपाखरू शोधत फिरू नका. त्याला जिथे यावंच लागतं ती जागा आधी शोधा आणि तिथे थांबा. पुढचं सगळं उत्तर म्हणजे ही जागा कशी ओळखायची, तिथे कधी पोचायचं आणि थांबून काय करायचं, एवढंच आहे.

आधी ‘दुर्मीळ’ या शब्दाबद्दल. हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, अख्ख्या जंगलात दोन-चारच फुलपाखरं असतील आणि नशीब असेल तर एखादं समोर येईल. तसं क्वचित असतं. बऱ्याच दुर्मीळ जाती या खोडकर लपणाऱ्या नसतात, त्या हट्टी असतात. त्यांना एकच वनस्पती चालते, तीही विशिष्ट उंचीची, विशिष्ट उन्हातली. ती जिथे मिळते त्या तुकड्यावर ही फुलपाखरं शंभराने असतात आणि दोनशे पावलांवर, आपल्या डोळ्यांना तसंच दिसणारं गवत असूनही, एकही नसतं. म्हणून पायवाट पूर्ण केल्याने काही साधत नाही. पाच किलोमीटरच्या वाटेवर तुमच्या फुलपाखराचा तुकडा कदाचित साठ मीटरचा असेल आणि तुम्ही तो एका मिनिटात ओलांडून गेला असाल.

या हट्टाचं मूळ मादीत आहे. अंडी घालायला निघालेली मादी कधी नीट बघितली आहे का? ती एका पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी त्या पानावर भराभर थापट्या मारते. कुंचलपाद कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय चालायच्या कामाचे उरलेलेच नाहीत, छातीशी दुमडलेले असतात. मादी ते पानाची चव घ्यायला वापरते. पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. थापटून झालं की बहुतेक वेळा ती उडून जाते. पुढचं पान, पुन्हा थापट्या, पुन्हा नकार. एकदा मी एका मादीमागे घड्याळ लावून बसलो होतो. चाळीस मिनिटांत तिने साठाच्या वर पानं तपासली आणि अंडी घातली तीन. ज्या झाडाझुडपावर आपण ‘हीच ती वनस्पती’ म्हणून बोट ठेवतो, त्यातलीही बहुतेक पानं तिला पसंत नसतात. कुठलं पान कोवळं आहे, कुठल्यावर आधीच अंडं आहे, कुठल्यावर सावली जास्त आहे, हे सगळं ती बघते. तिची ही निवड समजली की तुमचं निम्मं काम झालं.

लार्ज ब्लूची हकिगत मी प्रत्येक नवख्याला सांगतो, कारण जागा म्हणजे काय हे तिच्याइतकं दुसरं काही शिकवत नाही. हे नील कुळातलं फुलपाखरू ब्रिटनमधून १९७९ मध्ये नाहीसं झालं. त्याआधी कित्येक वर्षं लोक ते वाचवायला धडपडत होते. संग्रह करणारे पकडून नेतात म्हणून ते कमी झालं, असा सगळ्यांचा समज होता. म्हणून जागांना कुंपणं घातली गेली. कुंपणामुळे माणसं बाहेर राहिली, पण चरणारी गुरंही बाहेर राहिली. गवत वाढलं आणि फुलपाखरू तिथूनही गेलं.

जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात शेवटच्या वसाहतीपाशी हंगामामागून हंगाम काढले आणि कारण शोधलं. या फुलपाखराची मादी रानटी थाइमच्या, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या एका सुगंधी वनस्पतीच्या, कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे त्या फुलांवर जगते आणि मग खाली पडते. जमिनीवर तिला एक तांबडी मुंगी उचलून वारुळात नेते, कारण अळी आपण मुंगीचंच पिल्लू असल्याचं सोंग वठवते. पुढचे दहाएक महिने ती वारुळात बसून मुंग्यांची पिल्लं खाते, तिथेच कोष करते आणि पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू होऊन बाहेर येते. तांबड्या मुंग्यांच्या अनेक जाती तिला उचलून नेतात, पण ती बऱ्यापैकी जगते ती मिर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीच्या वारुळात. या मुंगीला जमीन ऊबदार लागते. गवत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा वाढलं की माती थंड पडते, ही मुंगी हटते आणि दुसरी जात येते. १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे मेले, गुरं चारणंही कमी झालं होतं, गवत वाढलं. थाइम तिथेच होता, फुलपाखरूही तिथेच होतं, पण जमिनीखालची मुंगी बदलली होती.

हे कळल्यावर टेकड्या पुन्हा चारून घेतल्या गेल्या, १९८०च्या दशकात स्वीडनहून आणलेल्या फुलपाखरांपासून वसाहती पुन्हा उभ्या राहिल्या आणि आज सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिलसारख्या ठिकाणी जून-जुलैत लोक दिवसभराच्या सहलीने येऊन ते बघतात. आता मला सांगा, ही माहिती घेऊन त्या टेकडीवर गेलात तर कुठे थांबाल? जिथे गवत गुडघाभर आहे आणि रंगीबेरंगी फुलांचा गालिचा आहे, तिथे नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, जिथे गवत बोटभरही नाही, माती दिसते आहे आणि थाइम कळ्यांवर आला आहे, तिथे थांबाल. घरून निघायच्या आधीच टेकडीचा नऊ दशांश भाग तुम्ही बाद केलेला असेल. तुमच्या फुलपाखराची गोष्ट इतकी गुंतागुंतीची नसेलही, पण त्याचीही अशी एखादी गोष्ट असतेच. ती आधी वाचून जा.

म्हणजे निघण्याआधी हा गृहपाठ हवा. त्या जातीची खाद्यवनस्पती कोणती, हे बघा. खाद्यवनस्पती म्हणजे अळी जी खाते ती. फुलपाखरू ज्या फुलांवर मध पितं ती वेगळी, आणि या दोहोंची गल्लत फार होते. मधासाठी फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसेल, पण अळीच्या वनस्पतीपासून ते फार लांब जाणार नाही. ती वनस्पती फुलं नसतानाही, नुसत्या पानांवरून ओळखता आली पाहिजे. घराजवळच्या बागेत किंवा माळावर तिची भावंडं असतील तर त्यांच्यावर डोळा बसवून घ्या. हे जमलं की राखीव क्षेत्रात पाऊल टाकल्या टाकल्या तुमची नजर बदलते. हवेत उडणारं काही शोधायच्या ऐवजी तुम्ही जमिनीकडे आणि झुडपांकडे बघायला लागता, आणि फुलपाखरू आपसूक दिसतं.

दुसरं, उडण्याचा काळ. दुर्मीळ जातींपैकी पुष्कळांची वर्षातून एकच पिढी असते आणि ती तीन-चार आठवडे दिसते. एकेक फुलपाखरू तर त्यातले काही दिवसच जगतं. पुस्तकातला महिना बघून निघू नका. हंगाम दरवर्षी आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होतो. राखीव क्षेत्रातल्या रक्षकाला किंवा तिथे नेहमी जाणाऱ्याला आदल्या दिवशी विचारा: ‘उडायला लागलंय का? शेवटचं कधी दिसलं? कुठल्या उतारावर?’ या तीन प्रश्नांनी जे मिळतं ते कुठल्याच नकाशात मिळत नाही. तुम्ही दोनदा गेलात तेव्हा हे विचारलं होतं का, हे तुमच्या लिहिण्यात नाही. नसेल विचारलं तर अपयशाचं एक कारण तिथेच असू शकतं.

काळातही बारकावा आहे. नर आधी बाहेर येतात, माद्या काही दिवसांनी. पहिल्या दिवसांत गेलात तर पंख कोरे करकरीत असलेले नर मिळतात, पण ते सारखे उडत असतात. शेवटच्या दिवसांत रंग विटलेली, कडा झिजलेली फुलपाखरं मिळतात. एकच दिवस असेल तर मी मधला काळ निवडतो, किंचित उत्तरार्धाकडे झुकलेला. तेव्हा संख्या भरपूर असते, आणि माद्या अंडी घालायला लागलेल्या असल्याने एका जागी रेंगाळतात. कोऱ्या पंखांचा फोटो हवा असेल तर आधी जा, पण तुम्हाला डोळे भरून बघायचं आहे असं तुम्ही म्हणता, म्हणून हा सल्ला.

आणि दिवस लवचीक ठेवा. सुट्टी शनिवारीच मिळते हे मला समजतं, पण दोन शनिवार मोकळे ठेवता आले तर हवा बघून त्यातला एक निवडता येईल. सगळ्या तयारीपेक्षा याचा उपयोग मोठा.

आता वेळ. फुलपाखराला उडायला छातीतले स्नायू तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले लागतात आणि ही ऊब ते स्वतः फारशी तयार करत नाही, उन्हातून घेतं. ठरलेल्या वाटेवरून चालत मोजणी करायची पद्धत अर्नी पोलार्डने १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या मंक्स वुडला सुरू केली आणि १९७६ पासून ती देशभर राबवली जाते. तिचे नियम हवामानाचा चांगला अंदाज देतात: हवा १३ अंशांच्या खाली असेल तर मोजायचं नाही, १३ ते १७ अंशांत निदान साठ टक्के वेळ ऊन हवं, १७च्या वर असेल तर ढग चालतील पण पाऊस नको, आणि जोराचा वारा नको. मोजणीची वेळ पावणेअकरा ते पावणेचार. हे थंड प्रदेशाचे आकडे आहेत. उष्ण प्रदेशात हेच गणित उलटं होतं. तिथे दुपारी बारा ते तीन फुलपाखरं सावलीत, पानांखाली जाऊन बसतात आणि आठ ते साडेअकरा हाच खरा वेळ असतो. तुम्ही जिथे जाताय तिथे दुपारी उकाडा असेल तर अकराला पोचून तीनला निघणं म्हणजे सगळ्यात मरगळलेले तास निवडणं.

माझं ऐकाल तर ऊन पडायच्या आधी त्या तुकड्यापाशी असा. यासारखी वेळ नाही. नील कुळातली पुष्कळ फुलपाखरं रात्री गवताच्या काडीवर डोकं खाली करून झोपतात. पहाटे गवतात वाकून उन्हाच्या दिशेने बघितलं तर काड्यांच्या टोकांना राखाडी, ठिपक्यांची चिमुकली पानं लटकल्यासारखी दिसतात. एकावर दव साचलेलं असतं, मिशांच्या टोकांवरसुद्धा थेंब असतो. तेव्हा ते हलत नाही, हलूच शकत नाही. मग ऊन त्या काडीवर येतं. पाच मिनिटं काहीच होत नाही. नंतर ते एक पाय उचलतं, काडीवर सावकाश गिरकी घेतं, डोकं वर करतं. पंख मिटलेलेच. मग करवतीच्या पात्यासारखी मिटलेली ती जोडी किंचित उघडते, परत मिटते, आणि पुढच्या वेळी पूर्ण उघडते. जिथे राखाडी होतं तिथे एकदम निळं. त्या वेळी तुम्ही हातभर अंतरावर बसलेले असलात तरी ते तसंच ऊन शेकत राहतं. तेवीस वर्षांत हे किती वेळा बघितलं असेल याचा हिशेब नाही, आणि अजूनही ते बघायला मी अंधारात निघतो.

मात्र तुमचा श्वास त्याच्यावर येऊ देऊ नका आणि काडी हातात धरू नका. थंड फुलपाखरू असहाय असतं. मेक्सिकोतल्या मोनार्कच्या राखीव जंगलात, समुद्रसपाटीपासून तीनेक हजार मीटरवर, थंडीत लाखो फुलपाखरं ओयामेल फर वृक्षांना घोस लागल्यासारखी लटकलेली असतात. सकाळच्या गारठ्यात त्यातली काही खाली वाटेवर पडलेली असतात. ती मेलेली नसतात, गारठलेली असतात. तिथे पावलं बघून टाकायला सांगतात ते याचसाठी. दुपारी ऊन चढलं की तीच उडायला लागतात.

दिवस चढल्यावर थांबायचं कुठे, हे जातीच्या स्वभावावर आहे. काही नर गस्त घालत फिरतात, काही एका पानावर ठाण मांडून बसतात आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकावर झेपावतात. दुसऱ्या प्रकारचा नर उडून गेला की लोक त्याच्या मागे धावतात. धावू नका. तो बसला होता ते पान लक्षात ठेवा आणि तिथेच उभे राहा. मी एका नराला एका सकाळी एकाच पानावर अकरा वेळा परतताना बघितलं आहे. तीन वेळा तर त्याच्या मागे लागलेला माझा सोबती दमून परत आला तेव्हा तो आधीच येऊन बसला होता.

टेकडीचा माथा असेल तर तिथे एक तास द्या. पुष्कळ जातींचे नर माद्यांची वाट बघत माथ्यावर जमतात, आणि खाली विरळ पसरलेली जात तिथे एकवटलेली मिळते. ओल्या वाळूवर, ओढ्याच्या काठावर, जनावरांच्या मुतावर चिखलपान, म्हणजे ओल्या मातीतून क्षार शोषणं, चालू असेल तर तिथे गुडघे टेकून बसा. चिखलपान करणारे बहुतेक नरच असतात. त्यांना सोडियम हवं असतं आणि त्यातला वाटा ते मीलनाच्या वेळी मादीला देतात, तो पुढे अंड्यांत जातो. एकदा सोंड मातीत रुतली की फुलपाखरू तुमच्याकडे फारसं लक्ष देत नाही. गर्दीत साध्या जातीच जास्त असतील, पण एकेक करून सगळी बघा. दुर्मीळ पाहुणा अनेकदा त्या गर्दीच्या कडेला बसलेला असतो.

काही जाती मात्र वर राहणाऱ्या आहेत आणि तिथे खाली फिरून काही मिळत नाही. पापुआ न्यू गिनीतलं क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग हे जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू. मादीचा पंखविस्तार पंचवीस सेंटिमीटरच्या वर जातो. १९०६ मध्ये आल्बर्ट मीकने त्याचा पहिला नमुना मिळवला तो बंदुकीचे छर्रे झाडून, इतक्या उंचावरून ते जात होतं. युरोपातलं पर्पल एम्परर दिवसाचा बराचसा वेळ ओकच्या शेंड्यावर काढतं आणि फुलांकडे फिरकतही नाही. पण सकाळी त्याचे नर ओल्या वाटेवर, शेणावर उतरतात. म्हणजे उंच राहणाऱ्या जातीचीही जमिनीवर यायची एक वेळ असते. तुमची जात अशी असेल तर ती वेळ कुठली, हे विचारून घ्या आणि तेवढ्या वेळात दुसरं काही करू नका.

ढग आला तर निघून जाऊ नका. ढग येताना शेवटचं फुलपाखरू कुठे बसलं, तेवढं नजरेने धरून ठेवा. बसलेलं फुलपाखरू शोधायला याहून सोपा उपाय नाही. आणि पावसाच्या सरीनंतर ऊन पडलं की पहिली दहा मिनिटं सगळी एकदम पंख उघडून बाहेर येतात. त्या वेळी तुम्ही झाडाखाली छत्री झटकत असू नये, तुकड्यापाशी असावं.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. दुर्बीण आणा, पण जवळचं स्पष्ट दिसणारी. पक्ष्यांसाठी घेतलेल्या कित्येक दुर्बिणी चार-पाच मीटरच्या आतलं दाखवत नाहीत. दीड-दोन मीटरवर फोकस होणारी हवी, आठ पट पुरे. दहापट भिंग खिशात ठेवा, ते कशाला ते पुढे सांगतो. पाणी, लांब बाह्या, लांब पँट, जुने बूट. जाळं घरी ठेवा.

जवळ जाताना पाठीमागून गेल्याने फायदा होत नाही, त्याचे डोळे जवळजवळ चौफेर बघतात. हालचाल आणि सावली यांना ते बिचकतं. तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने, खाली वाकून, सरळ रेषेत, अगदी सावकाश जा. आडवं हलणं टाळा. त्याने पंख झटकले किंवा अंग वळवलं की थांबा आणि पंधरा सेकंद तसेच राहा. फुलात सोंड घातलेली असताना ते जास्त सहन करतं, ऊन शेकून तापलेलं असताना सगळ्यात कमी.

फोटो पंखाच्या खालच्या बाजूचा आधी काढा. नील कुळात आणि इतरही ठिकाणी ओळख पटते ती मिटलेल्या पंखांवरच्या ठिपक्यांवरून आणि रेघांवरून. वरून बघितलं तर चार-पाच जाती सारख्याच निळ्या दिसतात. कॅमेरा मिटलेल्या पंखांना समांतर धरलात तर पंख पूर्ण स्पष्ट येतो. आणि जुन्या, झिजलेल्या फुलपाखराच्या रंगावर विसंबू नका. पंखांवरचे रंग म्हणजे खवले असतात, ते झडले की परत येत नाहीत.

आता ज्या गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते ती. काही वर्षांपूर्वी मी बारा जणांना एका छोट्या वसाहतीपाशी नेलं. सगळे सभ्य, शिकलेले लोक. एक फुलपाखरू वाटेपासून तीन पावलं आत बसलं, एकाने गुडघा टेकला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी पाळीपाळीने. मी थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. पुढच्या आठवड्यात मोजणीला गेलो तर तिथली खाद्यवनस्पती जमिनीला चिकटली होती. त्या पानांवर आदल्या आठवड्यात मी स्वतः अंडी बघितली होती. तेव्हापासून मी सहाच्या वर माणसं नेत नाही आणि दुर्मीळ जातीसाठी वाट सोडत नाही, फोटो मिळो न मिळो. साठ मीटरच्या तुकड्यात एका दुपारी बारा गुडघे टेकले तर पुढच्या वर्षीची फुलपाखरं त्याखाली जातात. लार्ज ब्लूची गोष्ट वाचलीत ना, तिथे तर खाली वारूळही असतं.

नेमकी जागा सगळ्यांना सांगू नका, हेही तितकंच. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनोंदी टाकायच्या संकेतस्थळांवर धोक्यातल्या जातींचं स्थान आपोआप धूसर केलं जातं, पण फोटोच्या मागे ओळखू येणारा दगड किंवा फलक असला तर शोधणारा शोधतो. क्षेत्राचं नाव लिहा, उतार लिहू नका. रक्षकांना मात्र नेमकी जागा जरूर कळवा, कारण गवत कधी कापायचं, गुरं कुठे सोडायची, हे ते त्यावरून ठरवतात.

आणि समजा तिसऱ्या खेपेलाही ते उडताना दिसलं नाही, तर? तर दोन वाजल्यानंतर चालायला लागू नका. भिंग काढा आणि त्या वनस्पतीची कोवळी पानं, कळ्या, फांद्यांची बेचकी तपासा. पान हाताने उलटं करू नका, खाली वाकून बघा. नील कुळातलं अंडं मोहरीपेक्षा बारीक, पांढरट, वरून दबलेलं, मध्ये टिंबासारखा खळगा असलेलं असतं. नुसत्या डोळ्यांना पिठाचा कण वाटतो. भिंगाखाली त्यावर जाळीचं असं कोरीव काम दिसतं की मुलं भिंग परत द्यायला तयार होत नाहीत. ते सापडलं म्हणजे तुमचं फुलपाखरू काही दिवसांपूर्वी त्याच पानावर, तुम्ही उभे आहात त्या जागी, येऊन गेलेलं असतं. अंड्याची नोंद ही फुलपाखराच्या नोंदीइतकीच पक्की मानतात. ब्राउन हेअरस्ट्रीक नावाची एक जात उडताना इतकी कमी दिसते की तिची पाहणी थंडीत, पानगळ झालेल्या ब्लॅकथॉर्नच्या काट्यांच्या बेचक्यांतली पांढरी अंडी मोजूनच करतात. तुमच्या जातीचं अंडं कसं दिसतं ते आधी बघून ठेवा, म्हणजे ओळखायला अडचण येणार नाही.

संध्याकाळी परतताना, अजून आठवतंय तोवर, वहीत लिहून काढा: किती वाजता पोचलात, किती वेळ थांबलात, तापमान, ऊन, वारा, वनस्पती कुठल्या अवस्थेत होती, काय दिसलं, काय नाही. ‘दिसलं नाही’ हेही लिहा आणि तेही कळवा. आधीच्या दोन खेपांचं जे आठवत असेल तेही त्याच वहीत मांडा. आणि जातीचं नाव, महिना व पोचल्याची वेळ मला कळवलीत, तर तिसरी खेप कुठल्या आठवड्यात करायची ते मी नेमकं सांगू शकेन.